पहिल्या ओळीतली म्हैस

साहेब, आमच्या गावची सगळी म्हसरं तुम्ही एक केलीत. पुरात वाहून गेली असती तर नदीला शिव्या घातल्या असत्या. रोगानं गेली असती तर नशिबाला. पण ती जिवंत होती. कारखान्याच्या मागच्या माळावर ताडपत्रीखाली उभी होती, भुकेनं ओरडत होती, आणि तुमच्या कॉम्प्युटरात त्या सगळ्यांची मिळून एकच म्हैस उरली होती. हे नदीनं केलेलं नाही. तुम्ही केलंत. खुर्चीत बसून, एका बोटानं.

तुमचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही अब्रूचा दावा लावाल आणि मग सगळी चर्चा तुमच्या अब्रूची होईल. मला माझ्या आईच्या अब्रूबद्दल बोलायचंय.

मी रक्षिता. पंचगंगेच्या काठच्या आमच्या गावात दूध संस्था आहे, तिथला कॉम्प्युटर मी बघते. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन येतात, मशीन फॅट काढतं, आकडा माझ्या स्क्रीनवर येतो. अप्पा, माझे वडील, गेले तेव्हा मी कॉलेज सोडलं. पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा, शिकले ते मोबाईलवर, काउंटरला बसून, एक किटली गेली आणि दुसरी यायची आहे तेवढ्या वेळात. हौस नव्हती. संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून जरा वेगळी माहिती हवी असली की कंपनीचा माणूस "बघतो मॅडम" म्हणायचा आणि मग बघतच राहायचा. शेवटी मीच एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती आतली माहिती उचलते, नीट रकाने पाडते आणि एक्सेलची फाइल करून हातात देते. पहिल्यांदा ती चालली तेव्हा आमचे चेअरमन ज्ञानू आबा चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडं बघत राहिले. म्हणाले, "आयला, पोरीनं मशिनीला कामाला लावलं की!"

तेव्हापासून गावाचा त्या स्क्रिप्टवर भरवसा बसला. माझ्यावर कमी, स्क्रिप्टवर जास्त. माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही, असं आमच्याकडं अजून मानतात.

पाणी गावात शिरलं तेव्हा माणसं जनावरं घेऊन बाहेर पडली. आमच्याकडं तीच पद्धत. कपाट मागं राहतं, टीव्ही मागं राहतो, म्हैस मागं राहत नाही. छावणी पडली माळावर. शेतातला ऊस पाण्यात, मका पाण्यात, कडब्याच्या गंजी कुणाच्या कुठं गेल्या पत्ता नाही. म्हणजे वैरण येणार ती सरकारी टेंपोतनं, नाहीतर नाहीच. आणि कोल्हापुरातल्या तुमच्या पूर मदत कक्षाकडून निरोप आला. ज्या जनावराच्या कानात पिवळा बिल्ला आहे आणि बिल्ल्याचा बारा आकडी नंबर फायलीत आहे, त्याच जनावराला वैरण. फाइल आजच्या आज. मालकांची नावं अकारविल्हे लावून.

ते अकारविल्हे लक्षात ठेवा साहेब. ते तुमचं होतं, माझं नव्हतं.

शेजारच्या गावांनी मोबाईलवर एकेका जनावराचा फॉर्म भरला. भिजलेल्या बोटांनी, कडेला छत्री धरून. आम्ही हसलो त्यांना. ज्ञानू आबा तर दुसऱ्या गावच्या सरपंचाला फोनवर म्हणाले, "तुमी भरत बसा. आमच्याकडं रक्षिता हाय."

संस्थेचा लॅपटॉप मी पोटाशी धरून माळावर आणला होता. कारखान्याच्या वॉचमनच्या खोलीत त्याला वीज मिळाली. स्क्रिप्ट चालवली, फाइल झाली. बिल्ल्याच्या रकान्याला मी मजकूर म्हणून बांधलं होतं, म्हणजे एक्सेल त्याला हिशेबाचा आकडा समजून खेळ करणार नाही. फाइल पाठवली. तुमच्याकडून उलटा निरोप आला, ही चालत नाही, सीएसव्ही पाठवा. सीएसव्ही म्हणजे अगदी साधी फाइल. नुसता मजकूर आणि मधे स्वल्पविराम. 'हा हिशेबाचा आकडा नाही, ह्याला हात लावू नको' असं तिला सांगता येत नाही, ती गरीब बिचारी काहीच लक्षात ठेवत नाही. मी स्क्रिप्टमधली ओळ बदलली आणि तसली फाइल पाठवली. तुमच्याकडून अंगठ्याचं चित्र आलं. मी जाऊन अव्वाला सांगितलं, सकाळी वैरण येतीय.

अव्वा म्हणजे माझी आई, अक्काताई. आम्ही लिंगायत, आईचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं घरात अव्वाच. आमची म्हैस एकच, मोगरी. दिवस भरलेले. कास उतरली होती, आज व्यायल का उद्या अशी. पण इतके दिवस चिखलात उभी राहून तिच्या पायांना सूज आली होती आणि पोटात कुजकट पाचटाशिवाय काही नव्हतं. अव्वा तिच्या मानेला टेकून बसायची आणि तिच्या कानात कानडीत बोलायची. माझ्याशी मराठी, म्हशीशी कानडी. मला सांगण्यासारख्या नसलेल्या गोष्टी तिला सांगत असणार.

"येऊ दे सकाळचा टेंपो," अव्वा म्हणाली. "पोटभर खा आन् मग वी म्हणावं."

टेंपो आला तेव्हा सगळी छावणी उठली. ओल्या मक्याचा वास जनावरांना माणसांच्या आधी गेला. एकानं ओरडायला सुरुवात केली आणि मग पुऱ्या माळावर तोच आवाज. ड्रायव्हर गुंडूनं फाळका पाडला. आत दुसऱ्या गावांची वैरण गच्च भरलेली होती. त्यानं कडेच्या चार पेंढ्या आणि पेंडीचं एक लहान पोतं खाली टाकलं.

"घ्या पावणं. तुमच्या गावचा माल."

"आणि बाकीचा?" ज्ञानू आबांनी विचारलं.

"बाकीचा कुठला? एका जनावराचा हाय. सही करा."

"एका गावाचा म्हण की लेका."

"आबा, मला वाचाय येतंय. जनावरं, एक. ह्ये बघा."

मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, एक म्हंजे एक शेकडा असंल." दोघं-तिघं हसले.

"शेकडा न्हाय न् डझन न्हाय. एक म्हंजे एक," गुंडू वैतागला. "मला अजून लई गावं फिरायची हायती, वाटंत पाणी चढाय लागलंय. सही करतायसा, का माल परत न्यू?"

आबांनी कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि मालकाचं नाव मोठ्यानं वाचलं. "अक्काताई शिवय्या स्वामी."

हसणं थांबलं.

आमच्या शेजारच्या दावणीला चिमणाबाईच्या तीन म्हशी होत्या. बाई तोंडानं फटकळ, पण माझ्या लहानपणी ताप आला तर रात्रभर उशाशी बसलेली. तीच पुढं आली. "म्हंजे गावात म्हस एकच," ती म्हणाली, "आनि ती रक्षिताची?"

"काकू, काहीतरी घोळ झालाय..."

"व्हय गं, घोळ झालाय. पर घोळ फिरून-फिरून तुझ्याच दावणीला येऊन कसा थांबला?"

"मी सगळ्यांची नावं पाठवलीत. दाखवते. लॅपटॉप आणते."

"तुझ्या लॅपटॉपात काय बी दिसंल. तूच लिवती त्यात." कुणी म्हटलं ते मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, सगळ्यांचे डोळे तेच म्हणत होते. एक म्हणाला, "मशिनीला कामाला लावलं म्हणं. लावलं की! घरच्या कामाला लावलं." ह्यावर मात्र लोक हसले. ज्ञानू आबा हसले नाहीत. पण ते बोललेही नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

अव्वा उठली. लुगड्याला हात पुसत आली आणि गुंडूच्या हातातला पेन घेतला. "माल माझ्या नावचा हाय न्हवं? मग सही माझी."

सही केली. पेंढ्या सोडल्या. मला वाटलं, मोगरीसमोर टाकते. तिनं एक पेंढी काखेत मारली आणि सरळ चिमणाबाईच्या दावणीला गेली. पहिल्या म्हशीच्या तोंडात एक मूठ. दुसरीच्या एक मूठ. मग पुढची दावण. मग त्याच्या पुढची. पेंढी संपली की परत यायची, दुसरी उचलायची. पुढं-पुढं मूठ चिमटीएवढी झाली, पण एकही जनावर तिनं सोडलं नाही. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. "ऱ्हाऊ द्या की अक्काताई," एकजण म्हणाला, तर त्याच्याही रेडकाला चार पानं घालून ती पुढं गेली. पेंडीचं पोतं तिनं आबांच्या पुढ्यात ठेवलं. "वाटा."

मोगरी दावं ताणून तिच्याकडं बघत होती. शेवटी अव्वा रिकामी येऊन तिच्याशेजारी बसली तेव्हा मोगरीनं तिचे हात चाटले. तळव्याला मक्याचा वास होता, तेवढाच.

"अव्वा, मोगरीला?"

"ती जेवलीया. तुझ्या त्या फायलीत."

"अव्वा, येडी हाईस का? आज-उद्या व्यायची ती..."

"मला ठावं हाय कवा व्यायची." आवाज चढवला नाही तिनं. "तू जा. नीट करून ये. सगळ्यांची वैरण आली की तिला घालीन. न्हाईतर माझ्या लेकीनं आपल्या म्हशीसाठी गावाची म्हसरं उपाशी मारली, ह्ये कुणी म्हणायचं न्हाय असा कागद आण. त्याआदी मी तिच्या तोंडात काडी घालणार न्हाय."

तुमच्या कक्षाचा फोन लागत नव्हता. लागला की कुणीतरी "बघतो" म्हणून ठेवत होतं. हायवे पाण्याखाली होता. छावण्यांतलं दूध नेणारा आमच्या संस्थेचा टँकर हुपरी, पट्टणकोडोली, गोकुळ शिरगाव असा वळसा मारून कोल्हापुरात जात होता, त्याच्या केबिनमध्ये बसून मी आले. चिखलाच्या पायांनी तुमच्या फरशीवर उभी राहिले. शिपायानं माझ्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघितलं.

तुमच्या कक्षात विश्वजित नावाचे क्लार्क बसतात. त्यांचं नाव लिहिते, कारण त्यांच्याबद्दल वाईट लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही. माणसानं मला आधी पाणी दिलं, मग विचारलं.

"तुमचं गाव? थांबा. हे बघा. एकच जनावर आलंय तुमचं."

"तीनशेच्या वर पाठवलीत."

"इथं तर एकच आहे. मालक अक्काताई."

"ह्याच्या आधीची फाइल उघडा की. आमच्याकडनं आलेली."

त्यांनी उघडली. सगळी नावं होती. अक्काताई, मग बाकीचे, चिमणाबाई, ज्ञानू आबा, शेवटपर्यंत. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर डोळा बिल्ल्याच्या रकान्यावर गेला. बारा आकडे कुणाच्याच पुढं नव्हते. पहिले मोजके आकडे, मग इंग्रजी ई, मग अधिक अकरा. खाली तेच. त्याच्या खाली तेच. विश्वजित माउसचं चाक फिरवत होते आणि तेच खाली सरकत होतं. चाक फिरवायचं बोट हळू झालं.

"मला वाटलं, कसलातरी कोड असेल," ते पुटपुटले.

कोड कसला? आमच्या गावात बिल्ले मारले ते एकाच पेटीतले. पहिले आकडे सगळ्यांचे सारखे, वेगळे असतात ते शेवटचे. एक्सेलला वाटलं, हा मोठा हिशेबाचा आकडा आहे, तो त्यानं आखूड करून दाखवला. दाखवण्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते तसंच सेव्ह केल्यावर. शेवटचे आकडे कायमचे जातात आणि सगळी म्हसरं एका नंबराची होतात.

"पण सेव्ह कुणी केलं?" मी विचारलं. "आलेली फाइल सरळ वर चढवायची होती न्हवं?"

त्यांनी तुमच्या केबिनच्या दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "साहेबांचा हात लागल्याशिवाय इथनं काही पुढं जात नाही. तुम्हाला माहीत नाही. प्रत्येक फाइल ते स्वतः उघडतात. वरची ओळ ठळक करतात, रकाने रुंद करतात, निळा पट्टा मारतात. मग बंद करताना ते मशीन विचारतं, सेव्ह करू का. ह्या ऑफिसात नाही म्हणायची सवय कुणालाच नाही."

"आणि एक कशी राहिली?"

"मागच्या पुरात एका गावानं तीच जनावरं दोनदा दाखवून वैरण उचललेली. तेव्हापासून आदेश आहे, एका नंबराचं जनावर एकदाच. दुहेरी काढून टाका, असं बटण असतं. पहिली ओळ ठेवतं, बाकीच्या उडवतं."

पहिली ओळ. अकारविल्हे. अक्काताई.

साहेब, तो निळा पट्टासुद्धा टिकला नाही. सीएसव्हीत रंग टिकत नाही. तुम्ही जे सजवलंत ते फाइल बंद करताच पुसलं गेलं, आणि जे बिघडवलंत तेवढं राहिलं. 

मग मी तुमच्या दारात आले. तुम्ही फोनवर होता, मला हातानं थांबवलंत. मी थांबले. फोन झाल्यावर सगळं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत नसेल, तुम्ही दिवसात अशी बरीच वाक्यं टाकत असाल. मला शब्दन् शब्द आठवतो.

"म्हणजे जे एक जनावर आलं ते तुमचंच ना?"

"व्हय."

"त्याला वैरण मिळाली?"

"मिळाली, पण..."

"मग तुमची तक्रार नेमकी काय आहे?"

गावात मला तिखट म्हणतात. पण त्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? तुम्ही पुढं म्हणालात, फाइल तुमच्याकडूनच तशी आली असणार. मी मोबाईल पुढं केला, पाठवलेल्या मेलमधले बारा-बारा आकडे दाखवायला. तुम्ही म्हणालात, मोबाईलवर काही दाखवू नका, दुरुस्तीचा अर्ज करा, सोबत ग्रामसेवकाचा दाखला जोडा.

"ग्रामसेवक छावणीत हायेत. त्यांचा शिक्का पाण्याखाली हाय!" मी ओरडले. हो, ओरडले. बाहेरचे लोक दारात गोळा झाले. "आख्खं गाव एका म्हशीच्या नावावर मारलंय तुमी! जाऊन बघा तरी एकदा!"

"आवाज खाली."

"म्हसरांचा आवाज खाली कोण करणार? तिथं या आणि त्यांना सांगा!"

त्या वेळी विश्वजित आत आले. "साहेब, मूळ मेल आपल्याकडं आहे. मी ह्यांच्यासमोर बसून नीट करतो. वरून विचारलं तर माझं नाव सांगा." तुम्ही मान हलवलीत, त्यांच्याकडं न बघता.

आम्ही मूळ फाइल घेतली. आत घेताना रकान्याला आधीच मजकूर करून घेतलं. सगळे बिल्ले परत आले, शेवटच्या आकड्यापर्यंत, आपापल्या मालकापुढं. चहा निवायच्या आत काम झालं. उद्याच्या टेंपोत पूर्ण गावाची वैरण, असं विश्वजितनी माझ्यासमोर चढवलं.

मग मी परत तुमच्यासमोर आले. ह्या वेळी हात जोडून. म्हटलं, साहेब, मला दोन ओळी लिहून द्या. एवढंच लिहा की यादीतली एक म्हैस मशीननं ठेवली, तुमच्या आदेशानं नावं लागली होती म्हणून ती पहिली होती, रक्षितानं ठेवली नाही. माझ्या आईला दाखवायचंय. ती म्हशीला खायला घालत नाही.

तुम्ही हसलात. वाईट हसला नाहीत, हे मी मान्य करते. लहान पोरांचं ऐकून हसतात तसं. "अहो, आता सगळ्यांना वैरण मिळतेय ना? मग लेखी कशाला? असं लेखी देता येत नाही."

मी परत आले तेव्हा दिवस मावळत होता. मोगरी आडवी झाली होती. चिमणाबाई तिच्याजवळ उभी होती, हातात हिरवी मूठ. कुठनं मिळवली तिची तिला माहीत.

"अक्काताई, घाल गं तिला. मी रागात बोलून बसले," ती म्हणत होती.

"बोललीस त्ये सगळ्यांनी ऐकलं," अव्वा म्हणाली. "आता देतीस त्ये कोण बघतंय?"

चिमणाबाईनं पदर तोंडाला लावला.

मी धापा टाकत सगळं सांगितलं. ई कसा आला, पहिली ओळ कशी राहिली, उद्या सगळ्यांची वैरण कशी येतीय. आजूबाजूला माणसं जमली. ऐकत होती. माना हलवत होती, पण कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं. एकजण म्हणाला, "पयली ओळ तिचीच कशी पर?" म्हटलं, अकारविल्हे. अ पहिला. तो म्हणाला, "नावं तूच लावलीस न्हवं?"

अव्वानं हात पुढं केला. "कागद आणलास?"

"दिला न्हाय. पण अव्वा, टेंपो उद्या..."

"मग तोंडानं तर तू आदीबी सांगत हुतीस."

मी चिमणाबाईच्या हातातली मूठ हिसकली आणि मोगरीच्या तोंडाशी नेली. अव्वानं अडवलं नाही. कदाचित ती माझी वाटच बघत असेल, मला ठाऊक नाही, मी तिला विचारलं नाही आणि आता विचारवत नाही. मोगरीनं हुंगलं. जीभ बाहेर काढली. पान ओठावर राहिलं आणि खाली पडलं. मी परत घातलं. परत पडलं. "खा की गं," मी म्हणत होते, "खा, सगळं नीट झालंय, खा."

जनावरांचा डॉक्टर आला, सलाइन लावली, कोपरापर्यंत हात घालून बघितलं आणि अव्वाकडं न बघता मान हलवली. रेडकू आतच गेलं होतं. सकाळी टेंपो आला, अगदी भरून, फाळका पाडताना पेंढ्या आपोआप खाली घसरत होत्या. लोक उतरून घेत होते, जनावरं ओरडत होती. त्या सगळ्या गोंधळात मोगरीनं मान टाकली. गुंडूनं हिशेबानं आमच्या वाट्याची वैरण आमच्या दावणीपुढं आणून टाकली आणि मग त्याच्या लक्षात आलं. डोक्यावरची टोपी काढून तो तसाच उभा राहिला.

पाणी उतरलं. गाव परत गावात आलं. संस्था सुरू झाली. मी काउंटरला बसते. पण आता दूध घातल्यावर माणसं म्हणतात, "रक्षिता, आकडा इकडं फिरव, बघू दे." पूर्वी कुणी म्हणत नव्हतं. कुणी भांडत नाही, गोड बोलतात. ज्ञानू आबा म्हणतात, "मनावर घिऊ नगंस. लोक इसरत्यात." लोक विसरतीलही. अव्वा संस्थेकडं येत नाही. चिमणाबाईनं आपल्या म्हशीची रेडी दावं धरून आमच्या दारात आणून बांधली. अव्वानं तिला पाणी पाजलं, मानेवरून हात फिरवला आणि परत नेऊन बांधून आली. ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, सगळं करते. फक्त मी लॅपटॉप उघडला की उठून बाहेर जाते. तिला अजून माहीत नाही साहेब, तिच्या पोरीनं ती ओळ ठेवली का नाही. मी सांगितलंय. ती माझी आई आहे, माझ्या तोंडचं तिला पुरत नाही. तिला वाटतं, लेकीनं आईच्या म्हशीसाठी केलं असंल. आणि आपण ती म्हैस उपाशी मारून ते फेडलं.

मी तुम्हाला अर्ज केला. उत्तर आलं, तांत्रिक अडचणीमुळं झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. तांत्रिक अडचण म्हणजे कोण? तिला बोट असतं का? ती निळा पट्टा मारते का? दुसरा अर्ज केला, त्याला उत्तर नाही. म्हणून आता इथं लिहितेय, सगळ्यांसमोर. मला भरपाई नको, मी ती मागितलेली नाही, कुणी मागितली असं म्हटलं तर खोटं आहे. चौकशीही नको, तिच्यात विश्वजितांचा बळी जाईल, तुमचा जाणार नाही.

रोज आमच्याकडचा टँकर कोल्हापुरात येतो आणि मोकळा परत जातो. केबिनमध्ये एका माणसाची जागा असते. तुम्ही त्यात बसा. आमच्या दारात या, चपला बाहेर काढा आणि माझ्या आईला तुमच्या तोंडानं सांगा की ती पहिली ओळ तुमच्या आदेशानं लागली, तुमच्या बोटानं राहिली. कागद नको आता. कागदाची वेळ गेली. नुसतं सांगा.

येणार आहात, की नाही?